आयडेला फिट्सचं मागचं दार

शनिवारी दुपारी आमच्या पार्लरमध्ये पुरुष पाऊल टाकत नाही. तसा नियम कुणी लिहून लावलेला नाही. पण अमेरिकेत, डरहमच्या हेटाय या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या अर्ध्या बायका डोक्याला रोलर लावून, पायांतल्या चपला भिरकावून, गावाची उणीदुणी काढत बसलेल्या असताना आत यायची हिंमत आमच्या पाद्रीबुवांनाही होत नाही.

तो मात्र आला.

बाहेर जूनचं वादळ फुटलं होतं. पाऊस असा, की हायवेवरच्या गाड्यांचे नुसते दिवे दिसावेत, गाड्या दिसू नयेत. दारावरची घंटा किणकिणली, आणि नखशिखांत भिजलेला एक उंच माणूस आत येऊन पायपुसण्यावर उभा राहिला. खांद्यावर ताडपत्रीची वळकटी, खिशात ब्रशांची जुडी, बोटं खडूनं पांढरी.

“पुरुष!” ड्रायरखालून मिस लुला रे किंचाळली. उंदीर दिसावा तशी.

“माफ करा,” तो म्हणाला. “समोर कुंपणाशी खडूनं खुणा करत होतो. पावसानं सगळ्या पुसल्या.”

“कसल्या खुणा?” मी विचारलं. विचारून झाल्यावर जीभ चावली. मावशी म्हणते, मी जन्मले तेव्हा रडले नाही, काहीतरी विचारलं.

“दुकानांच्या. कुठलं दुकान कुठे होतं, त्याच्या.”

“तिथे दुकानं नाहीत,” लुला रे म्हणाली. “तिथे हायवे आहे.”

“तेच तर,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. गरम कंगवा माझ्या हातात तसाच राहिला.

मग उलगडा झाला. चर्चच्या मागच्या भिंतीवर जुन्या रस्त्याचं चित्र काढायला बाल्टिमोरहून पेंटर येणार, हे ऐकलं होतं. हायवे यायच्या आधी आमच्या माणसांची जी दुकानं त्या रस्त्यावर नांदत होती, ती सगळी एका भिंतीवर. तो हाच. नाव लेम्युएल फिट्स.

“आलोच आहे तर एक विचारतो,” तो म्हणाला. “तुमच्यापैकी कुणाला आयडेला फिट्सचं दुकान आठवतं का? याच रस्त्यावर होतं.”

ड्रायर तेवढे घुमत राहिले. मिस वॅश्टीनं मासिक नाकापर्यंत वर घेतलं. शाळेच्या बाईंना एकाएकी नखं बघावीशी वाटली. आणि मग प्रत्येकीनं चोरून खिडकीपाशी पाहिलं, जिथे आरामखुर्चीत माझी मावशी डोळे मिटून बसली होती. खरं म्हणजे ती माझ्या आईची मावशी. गाव तिला मदर बायनम म्हणतं. चर्चमधल्या सगळ्या वडीलधाऱ्या बायकांत ती वडील, आणि हे पार्लर तिचं.

“गॅसवर माझी कढई आहे,” लुला रे उठली.

“माझ्याकडे पाहुणे यायचेत,” वॅश्टी उठली.

“अहो, पण पाऊस!” मी ओरडले. गरम कंगव्यानं तासभर खपून सरळ केलेले केस ते. पावसाचा एक थेंब लागला की चालले परत आपल्या कुरळ्या माहेरी.

तेव्हा त्यानं खांद्यावरची ताडपत्री उलगडली. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली आणि दारात उभा राहून म्हणाला, “चला, मॅडम. केसाला धक्का लावणार नाही.”

एकेक बाई त्याच्या ताडपत्रीखालून नववधूसारखी गाडीपर्यंत गेली. शेवटची गाडी गेली, तेव्हा सोबतीला आलेली मी आणि तो, दोघंच त्या निळ्या छताखाली उरलो. वर पावसाचा ताशा, खाली रंगाचा आणि ओल्या कापडाचा वास.

“मी वाईट काही विचारलं का?” त्यानं हळूच विचारलं.

“आयडेला फिट्स कोण?”

“माझी आजी. ती म्हणते, तिचं इथे दुकान होतं. बाबा तेव्हा रांगत होते, त्यांना काय आठवणार? घरात सगळे हसतात… म्हातारी रचून सांगते म्हणतात. आता तिचीही उमेद खचली आहे. परवा मलाच विचारत होती, ‘लेम, होतं ना रे माझं दुकान?’”

“कसलं दुकान?”

“केस करायचं.”

“शक्य नाही,” मी म्हटलं. “या रस्त्यावर केस करायचं दुकान एकच होतं. मावशीचं.”

“तसंही असेल.” त्यानं ताडपत्री माझ्या बाजूला जरा जास्त कलती केली, त्याचा खांदा भिजत होता. “चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन टरंटाइननी मला बजावलंय. गावातल्या दोन माणसांना आठवलं, तरच दुकान भिंतीवर जाईल. होमकमिंगच्या रविवारपर्यंत मुदत.”

होमकमिंग म्हणजे ऑगस्टमध्ये, जेव्हा बाहेरगावी गेलेली आमची सगळी माणसं चर्चमध्ये परत येतात. दिवस होते. पण त्या बायका का पळाल्या, हे कळेपर्यंत मला झोप लागणार नव्हती. निदान मी मनाला तेच कारण सांगितलं.

भिंत भरत गेली. गळ्यात टेप टाकलेला शिंपी उमटला. टॅक्सीवाल्यांचा अड्डा, औषधांचं दुकान, सिनेमाघर, जोडे दुरुस्त करणारा. मासे तळणाऱ्याच्या कढईतून तर वाफ येतेय असं वाटायचं. दुपारी मी मासा-पाव आणि गोड चहाची बाटली घेऊन जायची. तो शिडीवरून उतरायचा, उलट्या बादलीवर बसायचा.

“रोज येता,” एकदा तो म्हणाला. “भिंत बघायला का?”

“मासा गार होतो म्हणून.”

“मी विचारलं, येता कशाला.”

“आणि मी सांगितलं.”

“कॉरिंथिया… हे नाव कुणी ठेवलं?”

“मावशीनं. बायबल उघडलं आणि करिंथकरांच्या पत्रावर बोट पडलं.”

“बरं झालं. दोन पानं आधी, रोमकरांच्या पत्रावर बोट पडलं असतं तर मी तुम्हाला ‘रोमन’ म्हणून हाक मारत असतो.”

हसता हसता माझा चहा सांडला. त्याच्या नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका होता. पुसावा की पुसू नये… पुसला. तो बाटलीचं झाकण उगाच लावू-काढू लागला. आणि मीही रुमाल घडी घालायला इतका वेळ लावला, जितका कुणी चादरीला लावत नाही.

शिंपी आणि मासेवाला यांच्या मधे त्यानं एक दार रंगवलं होतं. बंद. वर नाव नाही, गाव नाही.

“हे कुणाचं?”

“तेच तर शोधतोय. तोवर नुसतं दार.”

आम्ही दोघांनी शोधलं. जेवणानंतर चर्चच्या अंगणात विचारलं, भजनाच्या तालमीत विचारलं. प्रत्येक बाई आधी माझ्याकडे बघायची, मग मावशी कुठे बसलीय ते बघायची, मग म्हणायची, “रताळ्याची गोड पाई घे ना, बाळा. आज छान झालीय.” जुलैअखेर लेम्युएल पाई खाऊन खाऊन जाड झाला, पण दार बंदच राहिलं.

शेवटी उघडलं ते नळाखाली. होमकमिंगच्या आधीच्या शुक्रवारी मिस वॅश्टी केस धुवायला आली होती. डोकं माझ्या हातात, मान मागे, डोळे मिटलेले.

“पाणी सोड,” ती म्हणाली.

“सोडलंय.”

“अजून सोड. मोठं.”

मी नळ पुरता सोडला. त्या धबधब्याच्या आडून ती कुजबुजली, “होतं.”

“काय होतं?”

“आयडेलाचं दुकान. शिंप्याच्या घरामागे. अंजिराच्या झाडाखालून मागच्या दारानं जायचं. बुधवारी संध्याकाळी, ओझेल प्रार्थनेला गेली की.”

ओझेल म्हणजे माझी मावशी. “तुम्ही जात होता?”

“मी?” तिचा एक डोळा उघडला. “मी, लुला रे, डीकनची बायको, शाळेच्या बाई… कोण जात नव्हती ते विचार. आयडेलाचा हात म्हणजे लोणी गं! कंगवा कितीही तापो, कानाला चटका नाही. आणि तुझी मावशी, देव तिचं भलं करो… गावात एका तरी बाईचा कान धड आहे का?”

माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला. पाळीच्या वर एक जुना, गुळगुळीत डाग आहे. मला वाटायचं, सगळ्यांना असतोच.

आमच्यात नवरा बदलला तर लोक महिनाभर बोलतात. केस करणारी बदलली तर जन्मभर. एकीच्या खुर्चीत बसायचं म्हणजे बसायचं.

“मग डीकनना सांगा ना एवढं! दोघी मिळून सांगा.”

“वेडी का खुळी तू? मी मेल्यावर माझे शेवटचे केस कोण करणार? ओझेलच ना? तेव्हा मला ‘आई गं’ म्हणायचीसुद्धा सोय नाही. येशूसमोर भाजलेला कान घेऊन उभी राहू?” तिनं डोळा मिटला. “बंद कर नळ. मी काही बोलले नाही.”

तशीच धावत भिंतीकडे गेले. हाताला साबण होता अजून.

“होतं!” मी लांबूनच ओरडले. “लेम्युएल, होतं!”

तो शिडीवरून उतरला तो जवळजवळ पडलाच. सगळं ऐकलं. मग बादलीवर बसला आणि मनगटानं डोळे पुसले. गालावर निळा पट्टा उमटला.

“होतं तर,” तो म्हणाला. “माझी म्हातारी खरं बोलत होती.” मग उठून ब्रश घेतला. “रंगवू?”

आणि तेव्हा मला मावशी आठवली. मावशीचं पहिलं दुकान हायवेनं गिळलं. नवरा त्याच वर्षी गेला. कोपऱ्यावर एका खोलीत तिनं पुन्हा खुर्ची मांडली, आणि उभ्या गावानं आपल्याला सोडलं नाही, या एका अभिमानावर ती छातीनं चालत आली. आता रविवारी सगळ्या लोकांपुढे भिंत सांगणार होती, की बाई, सगळ्या तुला फसवत होत्या.

मी साबणाचे हात पुसत राहिले. पण त्याला कळलं. त्यानं ब्रश डब्यात परत ठेवला.

“राहू दे. माझ्या आजीला दुकान मिळावं म्हणून तुझ्या मावशीचा मान जायला नको. आजीला फोन करून सांगेन मी. तिला तेवढं पुरेल.”

पुरणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. आणि तो ‘तुझ्या’ म्हणाला, तेही दोघांना ऐकू आलं होतं. हायवेवरून एक मोठा ट्रक गेला.

“सोमवारी मला सवानाला निघायचंय,” तो म्हणाला. “तिथे नवं काम आहे.”

“हो का,” मी म्हटलं. “छान.” आणि घरी येईपर्यंत त्याच्या चांगुलपणाला शिव्या घातल्या.

शनिवारी सकाळी मी मावशीचे केस करायला घेतले. पांढरे, मऊ, म्हाताऱ्या कापसासारखे. मानेपाशी आले आणि हात थांबला.

“मावशी…”

“विचार. काल संध्याकाळपासून तुझ्या पोटात काहीतरी उकळतंय.”

“आयडेला फिट्सचं दुकान होतं का गं इथे?”

मावशीनं डोळे उघडले. आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“चला, एकीनं तरी विचारलं,” ती म्हणाली. “दोन महिने तो पोरगा गावभर विचारत फिरतोय. जिला ऐकू येत नाही तिला विचारलं, जिला आठवत नाही तिला विचारलं. मी समोर बसलेली, मला कुणी विचारलं?”

“तुला वाईट वाटेल म्हणून…”

“कोरी, आता तू काय करतेयस?”

“तुझ्या मानेवरचे केस.”

“ते मला करता येतील? स्वतःच्या हातानं? तापलेला कंगवा मागे नेऊन?” तिनं चष्मा लावला. “मग इतकी वर्षं माझे कोण करत होतं, असं वाटतं तुला?”

कंगवा माझ्या हातून स्टँडवर खण्णकन पडला.

“प्रार्थना लवकर संपायची,” मावशी सांगू लागली, जशी कुणी पावसापाण्याच्या गप्पा सांगावी. “पुढच्या खोलीत या साळकाया-माळकाया, आणि मी आयडेलाच्या स्वयंपाकघरात. पडद्याआड. माझ्याबद्दल काय काय बोलायच्या, सगळं ऐकलंय मी. कान भाजते म्हणे! हसू दाबून दाबून पोटात कळ यायची. त्या गेल्या की आयडेला माझी मान करायची. मग दोघी मिळून उरलेला केक खायचो.”

“आणि तू कधी बोलली नाहीस?”

“बोलले असते तर लाजून जायच्या थांबल्या असत्या. आयडेलाचा नवरा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला, पदरात लेकरू. ते घर त्या खुर्चीवर चाललं होतं. आणि आपल्या बायकांना तू ओळखतेस ना? चोरून जायचं म्हटलं की कशा नटूनथटून जातात.” तिनं चष्मा सारखा केला. “मग ते लोक बाल्टिमोरला गेले. तिच्या नावाचा माणूस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा म्हटलं, डोळे मिटून बसावं. बघू तरी, यांतली एक तरी खरं बोलते का. … चल, आटप. टोपी दे माझी. जांभळी.”

चर्चच्या अंगणात बायका उद्याच्या पंगतीची टेबलं मांडत होत्या. डीकन टरंटाइन खुर्च्यांवर देखरेख करत होते. लेम्युएल भिंतीशी ब्रश धूत होता. मावशी माझ्या हाताला धरून थेट त्या बंद दारापुढे जाऊन उभी राहिली आणि काठी आपटली.

“आयडेला फिट्सकडे कोण कोण जात होतं? हात वर करा.”

टेबलावरच्या चादरी फार लक्ष देऊन सारख्या होऊ लागल्या.

“लुला रे, तुझ्या लग्नात तुझे केस कुणी केले?”

“तुम्हीच, मदर बायनम!”

“सकाळी मी केले. दुपारी मामीकडे जाऊन येते म्हणालीस आणि संध्याकाळी वेगळंच डोकं घेऊन चर्चमध्ये उभी राहिलीस. ती मामी अंजिराच्या झाडाखाली राहायची का गं?”

लुला रे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. मग तिचा हात हळूहळू वर आला.

“मीही जात होते,” मावशी म्हणाली, आणि आपला काठीचाच हात वर केला. “तिच्यासारखा हात या गावात झाला नाही.”

मग वॅश्टी. मग शाळेच्या बाई. मग एकेक करून, पाखरं उठावीत तसे हात उठत गेले. डीकनना दोन हवे होते. ते मोजायचं विसरले, कारण शेवटचा हात त्यांच्या बायकोचा होता.

“हॅटी?” ते म्हणाले.

“खुर्च्या बघा तुम्ही,” हॅटी म्हणाली.

लेम्युएल मावशीपुढे आला. म्हणाला, “मदर बायनम… पाटी कशी होती? रंग कुठला?”

“पाटी नव्हतीच रे, पोरा. मागच्या पायरीवर लाल जिरेनियमची कुंडी असायची. कुंडी बाहेर म्हणजे खुर्ची रिकामी.”

भिंतभर पाट्या रंगवलेला तो माणूस त्या दारापुढे गोंधळून उभा राहिला. जिला कधी पाटी मिळाली नाही, तिची पाटी आता त्याच्या हातून व्हायची होती. मग त्यानं सर्वांत बारीक ब्रश काढला. दुपार उतरेपर्यंत तो लिहीत होता. दार किलकिलं झालं, पायरीवर कुंडी आली, आणि वर सोनेरी अक्षरं आली: आयडेला फिट्स.

संध्याकाळी पार्लरमधून बाल्टिमोरला फोन लागला. रिसीव्हर मावशीनं कुणाच्या हातात जाऊच दिला नाही.

“आयडेला? ओझेल बोलतेय… नाही गं, अजून आहे जिवंत!… हो. होतं. होतं म्हणजे काय, होतंच! सगळ्यांनी कबूल केलं… अगं, रडतेस काय? मला अजून मानेचे केस धड कुणी करून देत नाही, रडायचं मी का तू?”

मागे बायकांची रांग लागली होती. जिला तिला आयडेलाशी बोलायचं होतं.

मी दारात येऊन उभी राहिले. आभाळ भरलं होतं, लांब कुठे गडगडत होतं. तो पायरीवर टोपी हातात घेऊन उभा. नखांत सोनेरी रंग.

“सवाना सोमवारी,” मी म्हटलं.

“भिंत लहान आहे तिथली. महिन्याभरात होईल.” तो टोपी फिरवत राहिला. “कॉरिंथिया, एक विचारू?… तुमच्याकडे एकदा एका खुर्चीत बसलं, की माणूस दुसरीकडे जात नाही म्हणे?”

“जातो की. ऐकलंस ना सकाळी? मागच्या दारानं.”

“मला पुढच्या दारानं यायचंय,” तो म्हणाला. “दिवसाढवळ्या. सगळ्यांच्या देखत. आणि… दुसरीकडे जायचं नाही.”

मला शंभर प्रश्न पडतात रोज. त्या क्षणी एकही सुचेना. मी दाराची मूठ धरून नुसती त्याच्याकडे बघत राहिले, तो माझ्याकडे, आणि आमच्या मधून एसीची गार हवा भराभर रस्त्यावर पळत होती.

“अगं कोरी!” फोनवर तळहात दाबून मावशी आतून ओरडली. “दार उघडं टाकून काय उभी राहिलीस? त्याला आत तरी घे, नाहीतर बाहेर तरी ठेव!”

मी बाजूला सरले. तो आत आला. आणि मिस लुला रे या वेळी पुरुष बघून किंचाळली नाही. नुसती सरकून तिनं त्याला शेजारी जागा करून दिली.